नवसाबाईंनी निवडलेला मल्टिजिम

मी एक जुना मल्टिजिम आहे, मित्रांनो. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. तेवढा फरक आधीच लक्षात ठेवा, म्हणजे पुढे तुमचं माझं पटेल.

मल्टिजिम म्हणजे लोखंडी चौकोनी पाइपांचा उंच सांगाडा. त्यात बसायला एक बाक. मागे एकावर एक रचलेल्या बिडाच्या बारा प्लेटा, प्रत्येक पाच किलोची. त्या प्लेटांना एका कडीने वायर जोडलेली असते. ती वायर पुल्यांवरून फिरून तुमच्या हातातल्या मुठीपर्यंत येते. तुम्ही मूठ ओढली की मागे प्लेटा वर उचलल्या जातात. किती प्लेटा उचलायच्या ते एका खिळीने ठरवायचं. मला वीज लागत नाही, माझ्यावर दिवे लागत नाहीत. मी फक्त ओढायला जड असतो. तेच माझं काम, आणि ते मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

माझा जन्म १९९२ सालचा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नांगराचे फाळ आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारी एक शेड होती. तिच्या मालकांना नाशिकच्या एका बंगलेवाल्या साहेबांनी परदेशी मासिकातलं चित्र दिलं होतं. मालकांनी ते वेल्डर सावळीरामच्या हातात ठेवलं. सावळीरामने ते बराच वेळ पाहिलं.

"ह्यातला माणूस वजन उचलताना हसतोय," तो म्हणाला. "म्हंजी वजन खोटं हाय. आपण खरं करू."

त्याने मला ट्रॉलीच्या पाइपातून बनवलं, कारण त्याहून बारीक पाइप शेडमध्ये येतच नसे. शेवटचा जोड थंड झाल्यावर तो स्वतः माझ्या वरच्या दांडीला लोंबकळला. मग त्याने आणखी दोघांना लोंबकळायला लावलं. मी हललो नाही. "आता ह्याला मोडायचं तर हत्ती आणावा लागंल," असं म्हणून त्याने मला निळा रंग दिला. मित्रांनो, अंगाखांद्यावर तीन माणसं घेऊन ज्याचं आयुष्य सुरू होतं, त्याला थोडा ताठा असणारच. तो मला होता. अजून आहे.

बंगलेवाल्या साहेबांनी माझ्यावर अकरा दिवस व्यायाम केला. बाराव्या दिवशी त्यांचे दंड दुखले. तेराव्या दिवशी त्यांचा टॉवेल माझ्या दांडीवर आला आणि मग तो तिथेच राहिला. टॉवेलामागून सदरे आले, सदऱ्यांमागून चादरी. एका उन्हाळ्यात साहेबांच्या आईंनी माझी एक प्लेट काढून लोणच्याच्या फोडींवर दाब म्हणून ठेवली. ती परत आली तेव्हा तिला हिंगाचा वास येत होता. तो वास सहन केला, पण साहेब पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "आमच्याकडे घरीच जिम आहे," ते सहन होत नसे. घरात जिम असणं आणि अंगात जोर असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी सांगितलं असतं, पण मला कोण विचारतो?

चार वर्षांनी त्यांनी मला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात विकलं. दुकानदाराने मला मागच्या कोपऱ्यात जिन्याखाली उभं केलं आणि माझ्यावर ट्रॅकसूट टांगले. गिऱ्हाईक मला पाहून विचारायचं, "हे काय आहे?" दुकानदार म्हणायचा, "काही नाही, सांगाडा आहे." पाच वर्षं मी 'काही नाही' होतो. या पाच वर्षांत माझ्यासमोरून चकचकीत यंत्रं येत गेली आणि जात गेली. त्यांतली निम्मी तर वर्षाच्या आत परत यायची, कुठे पट्टा तुटलेला, कुठे स्प्रिंग निसटलेली. मी मात्र तसाच उभा होतो. मला गंज चढला नाही. चढू दिला नाही, असंच म्हणा.

मग २००१ सालची संक्रांत झाली आणि पंधरा दिवसांनी नवसाबाई दुकानात आल्या.

नवसाबाई मखमलाबादच्या. त्यांच्या घरची शेती भाजीपाल्याची आणि झेंडूची. तीस वर्षं त्या पंचवटीच्या बाजारात एकाच जागी बसून भाजी आणि फुलं विकत आल्या होत्या. नवरा गेला तेव्हा तेराव्यानंतर चौथ्या दिवशी त्या पुन्हा त्याच जागी बसल्या होत्या. आदल्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, टेम्पोतून झेंडूची पाटी उतरवताना सडलेल्या पाल्यावर त्यांचा पाय घसरला. उजवा खांदा निखळला आणि दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. चहाची कपबशी धरली तरी बशी थरथरायची.

त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा संतोष होता. तो आईच्या एक पाऊल मागे असा चालत होता, जणू त्या आत्ता पडतील आणि आपल्याला झेलायचंय. दुकानदाराने सगळं त्यालाच विचारलं.

"कुणासाठी पाहिजे?"

"आईसाठी. व्यायाम चालू आहेत तिचे. डॉक्टरीणबाई म्हणतात जोर वाढवायला पाहिजे."

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे प्रतिभाताई. दवाखान्यात हाडं जुळलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेण्याचं त्यांचं काम. त्यांनी नवसाबाईंना सांगितलं होतं, "मावशी, हाडाचं काम झालं. आता स्नायूंचं. त्यांना थोडं थोडं वजन द्यायचं आणि दर आठवड्याला जरासं वाढवायचं. त्याला दुसरा उपाय नाही."

दुकानदाराने सगळ्यात आधी एक विजेवर चालणारं यंत्र दाखवलं. त्याला रुंद पट्टा होता. "आजींसाठी हेच उत्तम. नुसतं उभं राहायचं. पट्टा कमरेला लावला की आपोआप अंग हलतं. आपल्याला काही करावंच लागत नाही." त्याने बटण दाबलं. पट्टा थडथड हलू लागला.

नवसाबाईंनी ते थोडा वेळ पाहिलं. "हे मला हलवणार," त्या म्हणाल्या. "मी ज्याला हलवीन ते दाखवा."

दुकानदार हसला. मग त्याने घडी होणारं एक चांदीच्या रंगाचं यंत्र पुढे केलं. नवसाबाईंनी ते डाव्या हाताने धरून गदागदा हलवलं. ते सांध्यासांध्यातून खुळखुळलं. भोपळा निवडताना वाजवून पाहावा तसं त्यांनी त्याच्या पाइपावर बोटाने वाजवलं. पोकळ आवाज आला. "ह्यात वजन कुठंय?" त्यांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, वजन नाही, रबराचे पट्टे आहेत. "मग मी आज किती ओढलं आन् उद्या किती, ते मला कळणार कसं? तराजूवर बसणारी बाई हाय मी. मला अंदाज नको, माप पाहिजे."

मित्रांनो, जिन्याखाली उभ्या असलेल्या माझ्या बाराही प्लेटांना त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा तुम्हीच विचार करा.

त्या फिरत फिरत माझ्यापाशी आल्या. त्यांनी ट्रॅकसूट बाजूला सारले. "हे काय झाकलंय?"

"ते जुनं आहे हो, आजी. पहिलवानाचं काम आहे ते."

"आजी नका म्हणू. मावशी म्हणा," नवसाबाई म्हणाल्या आणि माझ्या जोडांवरून नख फिरवू लागल्या. सावळीरामचे जोड होते ते. नखाला काही लागलं नाही. मग त्यांनी मला धक्का दिला. मी जागचा हललो नाही. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. पाच वर्षांत मी यंत्र आहे हे ज्याला ज्याला ओळखू आलं, त्याने एकच विचारलं होतं, यात जास्तीत जास्त वजन किती? नवसाबाईंनी विचारलं, "यातलं सगळं वजन काढून टाकता येतं का?"

दुकानदार गोंधळला. "सगळं काढल्यावर मग राहिलं काय?"

"दोरी राहिली. तिला मी माझ्या हिशोबानं वजन लावीन."

त्यांनी मागे जाऊन पाहिलं. प्लेटांची कडी सोडवली. खालच्या पुलीतून आलेली मूठ उजव्या हातात धरून कोपर हळूच मागे घेतलं. रिकामी वायर पुलीवरून आवाज न करता सरकली. नवसाबाईंच्या कपाळावर घाम आला होता, कारण तेवढंही त्यांना जड जात होतं. पण मूठ पोटापर्यंत आली.

"हेच द्या."

"मावशी, आधीच सांगतो, जुनं आहे. याला गॅरंटी नाही."

"माझी तरी कुठंय?" त्या म्हणाल्या.

 संतोषला मी आवडलो नव्हतो. एवढं लोखंड आईच्या दुखऱ्या हाताजवळ नेऊन ठेवायचं, हेच त्याला पटत नव्हतं. तरीही त्याने टेम्पो आणला, आणि माझे बोल्ट त्यानेच काढले.

मखमलाबादला त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे फुलं निवडतात, भाजीच्या जुड्या बांधतात. तिथे कॅरेटांच्या थप्पीशेजारी मला उभं केलं. कॅरेट म्हणजे भाजी भरायचा प्लॅस्टिकचा खोका. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सुमनबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय वं नवसाबाई, आता कुस्ती धरायची का काय?"

"धरायची हाय," नवसाबाई म्हणाल्या, "पण जोडीदार अजून मिळंना."

त्यांनी आपल्या तराजूची वजनं आणली. शंभर ग्रॅम, दोनशे, अर्धा किलो, किलो. बिडाचीच, म्हणजे माझ्याच जातीची. एका कापडी पिशवीत त्यांनी दोनशे ग्रॅमचं वजन टाकलं आणि पिशवी माझ्या वायरीच्या कडीला अडकवली. साठ किलो उचलण्यासाठी जन्मलेला मी, माझ्या वायरीला दोनशे ग्रॅम! पण खोटं सांगत नाही मित्रांनो, मला लाज वाटली नाही. साहेबांनी माझ्यावर तीस किलो ओढले ते पाहुण्यांसाठी. या बाईने दोनशे ग्रॅम ओढले ते स्वतःसाठी, आणि दहाव्या खेपेला तिचा हात थरथरत असतानाही तिने मूठ सोडून दिली नाही. ती हळू, जागेवर नेऊन ठेवली.

एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. प्रतिभाताई येऊन बाकाची उंची ठरवून गेल्या. "झटका द्यायचा नाही. दमणं चालेल, कळ आली की थांबायचं," असं त्यांनी बजावलं. सून भाग्यश्री जुड्या बांधता बांधता लक्ष ठेवायची. दोनशेचे तीनशे झाले, तीनशेचा अर्धा किलो. अक्षय्यतृतीयेला पिशवीत दोन किलो होते आणि चहाची बशी थरथरायची थांबली होती.

पण या सगळ्यामागे एक घाई होती. बाजारात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते. ती कागदावर नसते. जो बसतो त्याची. आणि रिवाज असा की वर्षभर जो बसला नाही, त्याची जागा गेली. नवसाबाईंची जागा त्यांच्या शेजारी बसणाऱ्या चिमणाबाईंनी पोतं अंथरून धरून ठेवली होती. "दसऱ्यापर्यंत धरते," त्यांनी निरोप पाठवला होता. "पुढचं माझ्या हातात नाय."

आषाढात एक दिवस संतोष शेडमध्ये आला. "आई, व्यापाऱ्याशी बोललोय. दसऱ्यापासून सगळा माल तो बांधावरूनच उचलेल. तुला बाजारात जायची गरजच नाही. ती जागा सोडून देऊ."

नवसाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला इचारलं व्हतं?"

"तुझ्यासाठीच केलंय."

"माझ्यासाठी केलंस, मग मला का नाय इचारलंस?"

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष आणि भाग्यश्री शेतात होते. नवसाबाई एकट्याच शेडमध्ये आल्या. त्यांनी कापडी पिशवी काढून फेकली, कडी प्लेटांना लावली आणि खीळ घातली ती तिसऱ्या प्लेटला. पंधरा किलो. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. काल अडीच किलो ओढणाऱ्या हाताला आज पंधरा! त्यांनी दोन्ही पाय रोवले आणि झटका देऊन ओढलं. प्लेटा उचलल्या गेल्या. आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो मी विसरलेलो नाही. मूठ सुटली. माझ्या प्लेटा एकमेकींवर आदळल्या, तो आवाज शेतापर्यंत गेला.

हाड मोडलं नव्हतं. स्नायू दुखावला होता. प्रतिभाताई चिडल्या. "मावशी, राग त्याच्यावर आणि शिक्षा खांद्याला? तीन आठवडे मुठीला हात लावायचा नाही."

त्या तीन आठवड्यांतल्या एका दुपारी संतोष भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाल्याने पाने आणि हातोडा माझ्या पायाशी ठेवला, माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "माल दणदणीत आहे. कापूनच न्यावा लागेल." मित्रांनो, मी यंत्र आहे. मला पळता येत नाही, भांडता येत नाही. पण त्याने पहिल्या बोल्टला पाना लावला तेव्हा तो बोल्ट फिरला नाही. गंजला नव्हता. बस, फिरला नाही.

तेवढ्यात नवसाबाई आल्या. गळ्यात बांधलेल्या पट्टीत उजवा हात. त्या सरळ येऊन माझ्या बाकावर बसल्या.

"आई, ऊठ."

"आधी मला उचल, मग ह्याला उचल."

"तमाशा करू नको. लोकं बघताहेत." खरंच कुंपणापलीकडे सुमनबाई उभ्या होत्या.

"बघू दे. मी चुकले. घाई केली, ती माझी चूक. यंत्राची नाय. झाडावरून पडलं म्हणून कुणी झाड तोडतं का?"

संतोषचा आवाज एकदम चढला. "तुला काय माहिती मी काय पाहिलंय ते! त्या दिवशी मी धावलो होतो. तू पाल्यात पडली होतीस, सगळीकडं झेंडू, आणि तुझा हात नको तिकडं वळलेला. लोकं तुझ्या बाजूनं फुलं तुडवत चालली होती. आई, मी तुला उचललं तेव्हा तू माझं नाव विसरली होतीस. मला ते पुन्हा बघायचं नाही. नाही म्हणजे नाही."

 भंगारवाल्याने पाना खाली ठेवला. मला वाटतं, वर्षभरात संतोष हे पहिल्यांदाच बोलत होता.

भाग्यश्री दारात उभी होती. ती पुढे आली. "अहो, आत्यांना घरात बसवलं तर त्या पडणार नाहीत, हे खरं. पण मग त्या उठणारपण नाहीत. तुमच्या मामी बघा. पाय दुखतो म्हणून खाटेवर बसल्या त्या बसल्याच."

नवसाबाईंनी डावा हात पुढे करून मुलाचं मनगट धरलं. "तुला भ्या वाटतंय ना? मग पळू नको. हितं समोर बस. मी ओढीन, तू मोज. मी चुकले की थांबव. तू थांब म्हणलास की मी थांबणार. ही माझी जबान."

 संतोषने भंगारवाल्याला हात जोडले. त्याच्यासाठी भाग्यश्रीने चहा केला. तो चहा पिऊन गेला आणि जाताना मला पुन्हा एक थाप मारून गेला. ती थाप मी त्याला माफ केली.

तीन आठवड्यांनी पिशवीत पुन्हा दोनशे ग्रॅम पडले. सगळं पहिल्यापासून. पण आता समोर उलट्या कॅरेटवर संतोष बसलेला असायचा. तो आकडे मोजायचा आणि आईच्या चेहऱ्याकडे बघायचा. सुरुवातीला तो सातव्याच खेपेला "थांब" म्हणायचा. त्या थांबायच्या. वाद घालायच्या, शिव्याही द्यायच्या, पण थांबायच्या. हळूहळू त्यालाच कळायला लागलं, कुठलं थरथरणं दमल्याचं आणि कुठलं दुखल्याचं. मग एक दिवस त्या दहाला थांबल्या तेव्हा तोच म्हणाला, "अजून दोन जमतील." गणपती उठले त्या आठवड्यात त्याने स्वतःच्या हाताने पिशवी काढली आणि खीळ पहिल्या प्लेटला घातली. पाच किलो. नवसाबाईंनी ती बारा वेळा उचलली. नवरात्राच्या सुरुवातीला दोन प्लेटा झाल्या. पायांसाठीही त्या माझ्यावर व्यायाम करायच्या, कारण प्रतिभाताई म्हणायच्या, ओझं हात उचलतो असं दिसतं, पण खरं उचलतात पाय.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी शेडमध्ये होतो. भाग्यश्रीने संध्याकाळी फुलं निवडताना सुमनबाईंना सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उजाडताना तिघं बाजारात पोचली. जागेवर चिमणाबाईंचं पोतं नव्हतं. ते घडी घालून बाजूला फेकलेलं होतं आणि तिथे एका अनोळखी, धट्ट्याकट्ट्या माणसाने टोमॅटोची कॅरेटं मांडली होती. चिमणाबाई त्याच्याशी तावातावाने भांडत होत्या. "वर्ष उद्या व्हतंय! आज नाय झालं!"

तो माणूस नवसाबाईंकडे पाहून हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमची जागा होती हे मान्य. पण आता हे ओझं तुम्हाला झेपणार आहे का? तुम्ही घरी आराम करा. जागा कामाच्या माणसाला राहू द्या."

संतोष पुढे सरकला. नवसाबाईंनी त्याला हातानेच मागे केलं.

"तुझी कॅरेटं उचल," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी उचलते."

तो माणूस हसला. आजूबाजूच्या दोघातिघांनीही हसून घेतलं.

नवसाबाईंनी पदर खोचला. गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, दोन्ही हात कॅरेटच्या कडांत घातले. भरलेलं कॅरेट वीस किलोच्या वर असतं. भाग्यश्री म्हणाली की तिने डोळे मिटून घेतले होते. संतोषने मिटले नव्हते. तो आईच्या खांद्याकडे बघत होता, शेडमध्ये बघायचा तसाच. कॅरेट जमिनीवरून उचललं गेलं, मांड्यांपर्यंत आलं, पोटाशी आलं. उजवा हात थरथरला. चिमणाबाई "अगं बाई, ठेव!" असं ओरडल्या. संतोष मात्र शांतपणे म्हणाला, "दमल्याचं आहे. दुखल्याचं नाही. चल, आई."

त्या पाच पावलं चालल्या आणि कॅरेट रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. आदळलं नाही. हळू ठेवलं. एक टोमॅटोसुद्धा बाहेर आला नाही. मग त्या परत आल्या आणि दुसऱ्या कॅरेटसाठी वाकल्या.

"राहू द्या, राहू द्या," तो माणूस घाईने म्हणाला आणि उरलेली कॅरेटं त्याने स्वतःच हलवली. दसऱ्याचा बाजार होता. दुपारपर्यंत झेंडूची एक पाकळी उरली नाही. त्या दिवशी नवसाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली नाही. प्रतिभाताईंनी ते कायमचं बंद केलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं. टेम्पोतून माल संतोष उतरवायचा, मांडायच्या त्या. पुढे तसंच चालू राहिलं. व्यापाऱ्याला बांधावरून निम्मा माल जायला लागला, निम्मा बाजारात. कुणाचंच पूर्ण खरं झालं नाही, पण जागा राहिली.

ही गोष्ट मखमलाबादला पोचायला वेळ लागला नाही. आठवड्यात सुमनबाई कुंपणावरून न डोकावता फाटकातून आत आल्या. "माझा गुडघा कुरकुर करतो. तुझ्या त्या सांगाड्यावर बसू का जरा?"

"सांगाडा म्हणायचं नाय," नवसाबाई म्हणाल्या. "आन् आधी प्रतिभाताईला गुडघा दाखवून ये."

त्यानंतर एकेक करत गल्लीतल्या सात बायका येऊ लागल्या. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाचं फक्त एवढंच की घरात आपल्यासाठी अर्धा तास कधी मिळत नाही. माझ्याभोवती तराजूच्या वजनांच्या पिशव्या वाढल्या. प्रत्येकीची पिशवी वेगळ्या रंगाची.

आता २००८ साल आहे. नाशिकमध्ये काचेच्या भिंतींच्या, थंडगार हवेच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. तिथली यंत्रं तुम्ही किती ओढलंत ते दिव्यांनी सांगतात. परवा एका माणसाने मला पाहून संतोषला विचारलं, "हे अजून ठेवलंय? याची काय किंमत येणार आता?" संतोष म्हणाला, "विकायचं नाही." एवढंच. मला पुष्कळ झालं.

मी म्हातारा झालो आहे, हे मी नाकारत नाही. माझा निळा रंग मुठींजवळ उडाला आहे. दोनदा माझी वायर बदलली. गेल्या वर्षी तिचे धागे सुटू लागले, ते भाग्यश्रीच्या लक्षात आलं आणि तिने त्याच मिनिटाला सगळ्यांना बाजूला केलं. बरं केलं. कुणाच्या हातात वायर तुटली असती तर ती माझ्या आयुष्यातली पहिली बेइमानी झाली असती.

म्हणून मित्रांनो, विनवणी म्हणा की बजावणं, पण एवढं ऐका. यंत्र घ्यायला जाल तेव्हा ते किती चकाकतं ते बघू नका. धरून हलवून बघा. त्यात सगळ्यात कमी वजन किती लावता येतं ते विचारा, कारण सुरुवात तिथूनच होणार आहे. घरी आणल्यावर त्याच्या पुलीला तेल द्या, वायरीवरून महिन्याला एकदा फडकं फिरवा, बोल्ट आवळा. मी तुमच्याकडे दया मागत नाही. पुसून, हार घालून कोपऱ्यात ठेवू नका मला. तसा मी जिन्याखाली पाच वर्षं राहिलोय आणि ते जगणं नव्हतं. मला ओढा. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड ओढा. तुमच्या अंगात जेवढं असेल तेवढंच ओढा, पण खरं ओढा. मीही तुम्हाला खरंच वजन देईन, एक ग्रॅम कमी नाही.

आणि शेडमध्ये येणार असाल तर दुपारी चारनंतर या, चपला बाहेर काढा आणि आपली पिशवी आपण आणा. थोडं थांबावं लागेल. रांग आहे.